जुनं लाकूड आणि नवं कपाट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जुन्या फर्निचरच्या दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतं, ‘‘किती जुनं आहे हो हे?’’ दुकानदाराचं उत्तरही ठरलेलं असतं, ‘‘सौ साल से कम नहीं, साहब. अंग्रेजों के जमाने का है.’’ मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर जा, जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या गोदामांत जा किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी एक फेरी मारा. हे वाक्य तुमच्या कानावर पडणारच. विक्रेता खोटंच बोलतो असं माझं म्हणणं नाही. पुष्कळदा त्यालाही ठाऊक नसतं. अडचण अशी आहे, की आपला प्रश्नच अर्धवट असतो. लाकूड किती जुनं, वस्तू किती जुनी आणि त्या वस्तूतला किती भाग मूळचा, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. ते वेगवेगळे विचारता आले, तर खिशातले बरेच पैसे वाचतात.

आधी ‘अँटिक’ या शब्दाचं पाहू. आपल्याकडे १९७२ साली पुरावस्तू आणि कलावस्तूंविषयीचा कायदा झाला आणि १९७६ पासून तो लागू झाला. त्यात पुरावस्तू म्हणजे किमान शंभर वर्षं जुनी वस्तू, असा साधारण दंडक आहे. हस्तलिखितांसाठी तो ७५ वर्षांचा आहे. म्हणजे खरीखुरी ‘अँटिक’ खुर्ची शंभर वर्षांच्या अलीकडची असू शकत नाही. आता बाजारातल्या मालाकडे या नजरेनं पाहा. मुंबईत अँटिक म्हणून विकलं जाणारं कितीतरी फर्निचर १९३० ते १९६० या काळातलं असतं. मरीन ड्राइव्हच्या इमारती उठल्या त्या सुमाराचं गोल कडांचं कपाट, तीन आरशांचं ड्रेसिंग टेबल, काचेची दारं असलेली पुस्तकांची मांडणी. या वस्तू वाईट आहेत का? मुळीच नाहीत. उलट रोजच्या वापराला त्या जास्त सोयीच्या पडतात. फक्त त्यांची किंमत व्हिक्टोरिया राणीच्या नावावर मोजायची नाही, एवढंच.

हा माल आला कुठून, हे ठाऊक असलं की निम्मी पारख होते. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरात बर्मा सागाचे ओंडके येऊ लागले. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनसारख्या कंपन्यांनी हा व्यापार मोठा केला. याच शतकाच्या उत्तरार्धात शिसवी लाकडाच्या, जाळीसारख्या कोरीव पाठीच्या खुर्च्या, कोच आणि टेबलं मुंबईत घडली. साहेबांच्या बंगल्यात ती गेली, तशीच पारशी आणि गुजराती शेठियांच्या दिवाणखान्यातही गेली. गोव्यात पोर्तुगीज वळणाचं वेगळंच घराणं तयार झालं. चांदोरचं मेनेझिस ब्रागांझा यांचं घर ज्यांनी पाहिलंय, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. इराण्यांच्या हॉटेलांतून वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आल्या. आणि आपल्या वाड्यांमधून काय आलं? खरं सांगायचं तर मेज-खुर्च्या फारशा नाहीत. आपण जमिनीवर बसणारी माणसं. वाड्यातून निघाले ते खांब, तुळया, दारं, महिरपी, पेटारे, फडताळं, पाट, झोपाळे आणि देव्हारे. म्हणून कोणी ‘पेशवाई डायनिंग टेबल’ दाखवू लागला, तर तिथेच थोडं थबकावं. ते टेबल बहुधा एखाद्या दरवाजाला चार पाय लावून झालेलं असतं.

इथूनच मुख्य विषय सुरू होतो. परदेशात बनावट अँटिक करणाऱ्याला नवं लाकूड जुनं दाखवावं लागतं. आपल्याकडे ती गरजच नाही. जुनं लाकूड मुबलक आहे. गेल्या काही दशकांत वाडे पडले, चाळी पडल्या, गिरण्यांच्या शेड उतरवल्या गेल्या. त्यांतल्या सागाच्या तुळया, कड्या आणि वासे लाकूडबाजारात गेले. हे लाकूड शंभर-सव्वाशे वर्षं मुरलेलं आणि उत्तम असतं. त्यातून गेल्या वर्षी घडवलेलं कपाट ठेवून दुकानदार म्हणतो, ‘‘लकडी देखो साहब, पुराना सागवान है.’’ त्याचं ते म्हणणं शंभर टक्के खरं असतं. कपाट मात्र नवं असतं.

हे ओळखायचं कसं? फळीला एक जुनं आयुष्य असतं आणि त्याच्या खुणा राहतात. तुळईत ठोकलेल्या खिळ्यांची भोकं फळीत उतरलेली असतात. कपाटाच्या बाजूवर, जिथे खिळ्याचं काहीही काम नाही अशा जागी, भुसा आणि सरस कालवून बुजवलेली भोकं दिसली, तर ही फळी आधी दुसरीकडे कुठेतरी होती हे नक्की. भोकाभोवती लोखंडाच्या गंजाचा काळसर डाग असेल तर खिळा बराच काळ तिथे होता. पण त्या डागाच्या मधूनच नवी कड कापलेली असेल, तर कापणं नंतरचं. लाकडाच्या रेषांमध्ये चुन्याचे किंवा हिरव्या-निळ्या ऑइलपेंटचे कण अडकलेले असतात. घासून वरचा रंग जातो, खोलातला जात नाही. दुसरी खूण किड्याची. लाकडातला किडा आत बोगदा करतो आणि बाहेर पडताना पृष्ठभागावर बारीक गोल छिद्र ठेवतो. म्हणजे मूळ पृष्ठभागावर आपल्याला छिद्रं दिसायला हवीत. छिद्रांऐवजी पन्हळीसारखे लांबट उघडे बोगदे दिसले, तर किडा लागून गेल्यानंतर ते लाकूड चिरलं किंवा रंधलं गेलंय. ही खूण लपवणं फार अवघड, म्हणून मला ती सर्वांत विश्वासाची वाटते.

दुकानात जायचं ते दिवसा. संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली सगळंच लाकूड सुंदर दिसतं. बरोबर छोटा टॉर्च, मोजपट्टी, लोहचुंबक आणि एक पांढरं फडकं असावं. आणि वस्तूचं तोंड शेवटी पाहायचं. आधी तिला उलटी करा, पाठीमागून पाहा, खण बाहेर काढा. विक्रेता ‘‘अरे भाई, पॉलिश खराब होगा’’ म्हणाला तर हसून म्हणावं, ‘‘चाचा, आपण दोघं मिळून सावकाश उचलू.’’ जो दुकानदार वस्तू उलटी करू देत नाही, त्याच्याकडून मी तरी घेणार नाही.

खण, म्हणजे ड्रॉवर, हा जुन्या वस्तूचा सर्वांत बोलका भाग. मुखवट्यावर कारागीर मेहनत घेतो, दुरुस्ती करणाराही घेतो. खणाच्या पोटाकडे कोणी बघत नाही. तो पूर्ण बाहेर काढा आणि पालथा घाला. खणाच्या बाजूच्या फळ्यांची खालची कड हजारो वेळा आत-बाहेर घासलेली असते. ती मागच्या बाजूला जास्त झिजलेली, किंचित उतरती असायला हवी. आता टॉर्च घेऊन टेबलाच्या आत डोकवा. खण ज्या पट्ट्यांवर सरकतो त्यांवरही तशीच झीज पाहिजे. खण झिजलेला आणि पट्टी कोरी असेल, तर पट्टी नवी किंवा खण दुसऱ्या टेबलाचा. खणाचं आतलं लाकूड पॉलिश न केलेलं, धुरकट आणि सगळीकडे सारख्या रंगाचं असावं. आत झगझगीत पॉलिश असेल, तर काहीतरी झाकलंय असं समजायला हरकत नाही. मुठी पाहा. बाहेर पितळेची जोडमूठ आणि आतून मात्र मधोमध एक बुजवलेलं भोक दिसलं, तर आधी तिथे एकच गोल मूठ होती. मुठी बदलणं हा काही गुन्हा नाही, घरोघरी बदलल्या जातात. पण ‘ओरिजिनल फिटिंग’ म्हणून तुमच्याकडून जास्त पैसे घेतले जात असतील, तर हे भोक बोट लावून दाखवा. लोहचुंबक इथे कामाला येतो. पितळेला तो चिकटत नाही. पितळी मुलामा दिलेल्या लोखंडाला चिकटतो.

खणाचा कोपरा कबुतराच्या शेपटासारख्या पसरट दातांनी जोडलेला असतो, त्याला सुतार ‘डोव्हटेल’ म्हणतात. इंग्रजी पुस्तकांत लिहिलेलं असतं, की दाते ओबडधोबड आणि कमीजास्त असले तर हातकाम, म्हणजे जुनं. एकसारखे असले तर यंत्राचं, म्हणजे नवं. हा नियम इंग्लंड-अमेरिकेत ठीक आहे. आपल्याकडे तो डोळे मिटून लावू नका. आपले मिस्त्री आजही हातकरवत आणि पटाशीनं हा सांधा करतात. करवतीच्या खुणांचंही तेच. गोल करवतीच्या कमानदार रेघा असतील, तर लाकूड गिरणीत चिरलंय एवढं कळतं. सरळ, थोड्या वाकड्यातिकड्या रेघा असतील तर दोघांनी ओढायच्या मोठ्या करवतीनं चिरलंय. पण ही करवत आपल्याकडे विसाव्या शतकातही भरपूर चालली. तेव्हा हातकामाच्या खुणेवरून वय ठरत नाही. उलट बाजूनं मात्र पुरावा पक्का असतो. एकशेवीस वर्षांचं म्हणून दाखवलेल्या कपाटात विजेच्या रंध्याच्या बारीक, समान अंतरावरच्या लाटा बोटाला लागल्या, तर ती गोष्ट तिथेच संपते.

अशा उलट्या पुराव्यांची यादी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. चौफुली खाचेचा स्क्रू अमेरिकेत १९३० च्या दशकात आला, आपल्याकडे रुळायला त्याहून बराच वेळ लागला. अणकुचीदार टोकाचे यंत्रावरचे स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनचे. फेव्हिकॉल १९५९ सालचा. त्यापूर्वी आपले सुतार जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस तापवून वापरत. तो तपकिरी, काचेसारखा ठिसूळ असतो आणि गरम पाण्यानं सुटतो. सांध्यातून पांढरट, रबरासारखा गोंद डोकावत असेल तर ते काम जुनं नाही. अर्थात एक स्क्रू नवा सापडला म्हणून अख्खी वस्तू नवी ठरत नाही. दुरुस्ती झालेली असू शकते. एक स्क्रू काढायला सांगा आणि भोकात पाहा. जुन्या भोकात नवा स्क्रू आहे, की भोकही ताजं आहे? प्लायवूडचंही असंच. व्हिक्टोरियन म्हटलेल्या टेबलाच्या खणाला प्लायवूडचा तळ असेल तर तो नंतरचा. पण १९४० च्या सुमाराच्या गोल कडांच्या कपाटात प्लायवूड आणि विनीअर मूळचंच असतं, तिथे ते बघून नाक मुरडू नये.

एक परीक्षा मात्र मोजपट्टीनं होते आणि ती मला फार आवडते. लाकूड वाळताना आडवं आकसतं, उभ्या रेषांच्या दिशेनं जवळजवळ आकसत नाही. म्हणून फार वर्षांपूर्वी अगदी गोल कापलेलं टेबल आज अगदी गोल राहिलेलं नसतं. रेषांच्या दिशेनं व्यास मोजा, मग त्याच्या काटकोनात मोजा. तीन-चार फुटी टेबलात काही मिलिमीटरचा फरक सापडतो. कातलेल्या पायाचंही असंच. बोटांनी चाचपलं तर तो किंचित लंबगोल लागतो. टेबल नेमकं गोल भरलं म्हणजे ते खोटंच असं नाही, पण दुसऱ्या पुराव्यांकडे जरा जास्त लक्ष द्यावं.

आता लाकूड. साग आणि शिसवी ही दोन नावं सांगून आपल्याकडे वाट्टेल ते विकलं जातं. सागाला तेलकट स्पर्श असतो आणि न पॉलिश केलेल्या भागाला, विशेषतः ताज्या कापाला, जुन्या चामड्यासारखा वास येतो. शिसवी जड. घनमीटरला साग साधारण साडेसहाशे किलो भरतो आणि शिसवी साडेआठशेच्या आसपास. एक खुर्ची सागाची आणि एक शिसवीची अशा दोन्ही उचलून पाहा, हाताला फरक कळतो. शिसवीच्या जांभळट-तपकिरी रंगात काळ्या रेघा आतपर्यंत गेलेल्या असतात. रंग देऊन काळं केलेलं लाकूड खालून किंवा आतल्या कोपऱ्यात पिवळट दिसतं. पांढरं फडकं थोडं स्पिरिटमध्ये भिजवून न दिसणाऱ्या जागी घासलं तर रंग फडक्यावर येतो, अर्थात दुकानदाराला विचारूनच. आणखी एक गोंधळ नावाचा. आपल्या पश्चिम घाटातली शिसवी आणि उत्तरेतलं शिसम ही दोन वेगळी झाडं आहेत, भावंडं म्हणा हवं तर. जोधपूरकडून नवं पण जुन्यासारखं केलेलं फर्निचर येतं, ते पुष्कळदा शिसमचं किंवा आंब्याच्या लाकडाचं असतं. ते नवं म्हणून आणि नव्याच्या भावात घ्यायला काहीच हरकत नाही.

तोच स्पिरिटचा बोळा पॉलिशबद्दलही सांगतो. जुनं फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख. स्पिरिट लागताच ती चिकट होते. आजचं मेलामाइन किंवा पॉलियुरेथेन ढिम्म हलत नाही. आता इथे माझं एक मत सांगतो, ते सर्वांना पटेलच असं नाही. जुन्या वस्तूचं सर्वांत जास्त नुकसान वाळवी करत नाही, सँडिंग मशीन करतं. खुर्चीच्या हातांवर पिढ्यान् पिढ्यांच्या तळव्यांनी आलेली गुळगुळीत झाक, टेबलाच्या कडेची मऊ झालेली धार, हे सगळं एका दुपारी घासून जातं आणि वर आरशासारखा थर चढतो. गिऱ्हाइकालाही तेच आवडतं, म्हणून दुकानदार ते करतो. माझा सल्ला असा, की गोदामात धूळ खात पडलेली, पॉलिश न केलेली वस्तू मिळाली तर तीच घ्या. तिथे सगळे दोष उघडे दिसतात, भावही कमी असतो आणि पॉलिश कसं करायचं हे तुमच्या हातात राहतं.

झीज पाहताना माणूस कसा बसतो, हे डोळ्यांपुढे आणावं. खुर्चीच्या पुढच्या आडव्या दांडीवर पाय टेकतात, ती वरून झिजते. हातांची टोकं झिजतात. मागच्या पायांची खालची मागची कड रेलल्यामुळे गोलावते. साखळीनं बडवून किंवा विटेनं घासून आणलेली ‘झीज’ सगळीकडे सारखी असते. जिथे हात पोचतच नाही तिथेही असते. लांब हातांच्या आरामखुर्चीत पाय ठेवायला फिरणाऱ्या पट्ट्या असतात. त्या बाहेर ओढा आणि त्यांच्या खिळीभोवती पाहा. खिळीखाली घासल्याचं वर्तुळ नसेल तर त्या खुर्चीत फार कोणी दुपारी पेंगलेलं नाही.

इराणी हॉटेलांतल्या खुर्च्यांची हल्ली फार मागणी आहे, म्हणून त्यांच्यावर दोन मिनिटं. या घराण्याची मूळ खुर्ची व्हिएन्नाच्या मायकेल थोनेटनं १८५९ मध्ये काढलेली, क्रमांक १४. वाफेवर वाकवलेले लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढ्यात खुर्ची उभी राहते. सुट्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत, म्हणून ती जगभर पोचली. नंतर युरोपातल्या कितीतरी कारखान्यांनी तशा खुर्च्या केल्या. बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूला कागदी लेबल किंवा उठवलेला शिक्का असतो, तो शोधा. पण लेबलापेक्षा लाकडाच्या रेषा बघा. खऱ्या वाकवलेल्या लाकडात रेषा वळणाबरोबर वळतात. मागचा पाय, पाठीची कमान आणि दुसरा पाय हा अखंड एकच दांडा असतो. फळीतून वक्र कापून केलेल्या नकलेत रेषा वळणावर कापल्या जातात आणि कमानीला कुठेतरी सांधा असतो. असा पाय वळणावरच मोडतो. हे लाकूड युरोपातल्या बीच झाडाचं. आपल्या किड्यांना ते फार आवडतं, हेही लक्षात ठेवावं.

किड्यांचं बोलणं निघालंच आहे तर तेही उरकू. वाळवीनं आतून पोखरलेला पाय बोटानं ठोकला तर पोकळ वाजतो. बारीक छिद्रं दिसली तर काळा कागद खाली ठेवून वर टिचक्या मारा. पिठासारखा फिकट, ताजा भुसा पडला तर किडा चालू आहे. काहीच पडलं नाही आणि छिद्रांच्या कडा काळवंडलेल्या असल्या तर तो बहुधा जुना इतिहास. सागाच्या गाभ्याला किडा सहसा लागत नाही, बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला लागतो. म्हणून फळीच्या कडेला फिकट पट्टा असेल तर तिथे आधी पाहा.

‘बेल्जियम का आईना’ हेही एक ठरलेलं वाक्य. कडा तासलेला प्रत्येक आरसा आपल्या बाजारात बेल्जियमचाच असतो. जुन्या काचेत प्रतिबिंब किंचित हलतं, कडेला पारा उडाल्याचे काळे ठिपके असतात. तो आरसा काढून नवा बसवू नका, एवढंच सांगतो.

आता भावाचं. आकडा मी सांगणार नाही, पण हिशेब सांगतो. समजा सहा फूट उंच, साडेतीन फूट रुंद आणि दीड फूट खोल असं सागाचं कपाट आहे. दोन बाजू १८ चौरस फूट, पाठ २१, दारं २१, आतल्या चार फळ्या २१ आणि वरखाली मिळून साडेदहा. एकूण सुमारे साडेएक्याण्णव चौरस फूट. फळी पाऊण इंच जाडीची असेल तर याला सोळानं भागा. पावणेसहा घनफूट लाकूड झालं, चौकट आणि पाय धरून साडेसहा-सात. तुमच्या गावच्या वखारीत जुन्या सागाचा घनफुटाचा भाव विचारा आणि गुणा. ही झाली त्या कपाटाची तळाची किंमत. ते मोडून विकलं तरी एवढे पैसे येतात. त्यात चांगल्या मिस्त्रीची पंधरा-वीस दिवसांची मजुरी मिळवा. म्हणजे तसंच नवं करायला काय लागेल ते कळलं. मागितलेला भाव या दोन्हींच्या खूप वर असेल, तर वरचे पैसे वयासाठी, घडणीसाठी आणि नावासाठी आहेत. ते द्यायचे असतील तर पुरावा मागायचा. विंब्रिज किंवा जॉन रॉबर्ट्ससारख्या मुंबईच्या जुन्या फर्निचर कंपन्यांची पट्टी खणाच्या कडेवर असली तर किंमत वाढते, पण पट्टी एका वस्तूवरून दुसरीवर लावताही येते, म्हणून तिच्या स्क्रूंखालचं लाकूड पाहावं. आणि बिल घ्यावं. बिलावर फक्त ‘एक कपाट’ नको. लाकूड कोणतं, अंदाजे काळ कोणता, काय बदललंय, हे विक्रेत्याच्या हातानं लिहून घ्या. तोंडी शंभर वर्षं सांगणारा माणूस लिहिताना पुष्कळदा साठावर येतो!

हाच हिशेब विकणाऱ्यालाही उपयोगी आहे, आणि त्याबद्दल मला जास्त कळकळीनं बोलायचंय. वाडा किंवा चाळ पुनर्विकासाला जाते, महिन्याभरात जागा रिकामी करायची असते, नव्या फ्लॅटच्या लिफ्टमध्ये आजीचं कपाट मावत नाही. घरात एखाद्या वयस्कर बाई एकट्याच असतात. अशा वेळी जुनं सामान घेणारा दारात येतो. झोपाळा, पेटारा, दोन कपाटं आणि एक कोरीव महिरप यांची ‘‘सगळ्याचे मिळून’’ अशी एक रक्कम सांगतो आणि संध्याकाळपर्यंत टेम्पो भरून नेतो. पुष्कळदा ही रक्कम नुसत्या लाकडाच्या किमतीच्या निम्मीही नसते. तुमच्या ओळखीत, शेजारात असं घर असेल तर तिथे जाऊन मोजपट्टी धरा. प्रत्येक वस्तूचा भाव वेगळा विचारा, दोघातिघांना दाखवा, प्रत्येकीचे फोटो काढून ठेवा. घाई करणाऱ्याला सांगा, ‘‘मुलगा आल्यावर सांगते.’’ मुलगा नसला तरी सांगा.

घेणाऱ्यानंही एक गोष्ट पाळावी. देवळाचे कोरीव खांब, मूर्ती असलेल्या चौकटी, रथाचे तुकडे बाजारात येतात. ते कुठून निघाले हे नीट सांगता येत नसेल तर हात लावू नये. तिथे प्रश्न केवळ पैशाचा नसतो, चोरीच्या मालाचा असू शकतो. मुलं परदेशी असणाऱ्यांनाही सांगून ठेवतो. शंभर वर्षांवरची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. ती तेवढी जुनी नाही, असं पुरातत्त्व खात्याचं प्रमाणपत्र लागतं. शिसवी आणि तिच्या गोत्रातल्या लाकडांवर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत, त्यासाठी वेगळे कागद लागू शकतात. कंटेनर भरण्याआधी हे विचारावं.

शेवटी घरी नेण्याचं. जिना, दार आणि लिफ्ट मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. जुनी मोठी कपाटं बहुतेक सुटी होतात. वरचा मुकुट उचलला जातो, आत पाचरी असतात, त्या काढल्या की बाजू मोकळ्या होतात. हे ज्याला ठाऊक नसतं तो हमाल कपाट आडवं करून जिन्यावर ओढतो आणि शंभर वर्षं टिकलेला सांधा दुसऱ्या मजल्यावर निखळतो. सुटं करताना प्रत्येक भागावर खडूनं आकडे घाला. घरात आल्यावर ते उन्हाच्या झोतात किंवा एसीच्या तोंडाशी ठेवू नका, ओल्या भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. आणि पहिला पावसाळा त्याच्या पायांखाली काळा कागद असू द्या. दर रविवारी एकदा वाकून त्यावर भुसा पडलाय का, ते पाहायचं.